युद्ध सुरू झालं की देशादेशांतले जुळत आलेले संबंध नेमके कुठं अडतात?

उद्यमबाग_फाउंड्री
युरोपला कास्टिंग पाठवणाऱ्यांत एकच चर्चा असते: सौदी-इस्रायलचं जमलं की इस्रायलच्या हैफा बंदरामार्गे माल जाणार. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० ला भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला आणि महिनाभरात ७ ऑक्टोबरला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, गाझाचं युद्ध पेटलं. युद्ध एकच, तरी यूएईचा इस्रायलशी झालेला करार टिकला आणि सौदीचा अडला, हे कसं? जाणकारांनी सांगा की.

खानापूर_वाचक
सही झाली होती की नव्हती, सगळं त्यावर आहे. यूएई आणि बहारीनच्या सह्या १५ सप्टेंबर २०२० च्या. यूएईचा इस्रायलशी व्यापार करारही १ एप्रिल २०२३ पासून लागू. तो मोडायचा तर अबू धाबीला काहीतरी ठरवून करावं लागलं असतं. रियाधला नुसतं गप्प बसणं पुरलं.

दुसरं, सौदीनं मागितलेली किंमत वाढली. आधी त्यांची मागणी होती पॅलेस्टिनींचं जगणं सुसह्य करण्याची आणि अमेरिकेकडून संरक्षणाच्या हमीची. सप्टेंबर २०२४ मध्ये सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी शूरा कौन्सिलसमोर (सौदीची सल्लागार सभा) सांगितलं की पूर्व जेरुसलेम राजधानी असलेलं पॅलेस्टिनी राज्य झाल्याशिवाय इस्रायलशी संबंध नाहीत. चार भिंतीत मागितलेलं मागं घेता येतं, सगळ्यांसमोर बोललेलं नाही. त्यात अमेरिकेशी संरक्षण तह करायचा तर सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं हवीत, म्हणजे सगळे हजर असले तर ६७. तेवढी जुळवणं युद्ध नसतानाही अवघडच.

निपाणी_राज्यशास्त्र
‘टिकला’ म्हणताना जरा जपून. जॉर्डननं १ नोव्हेंबर २०२३ ला इस्रायलमधला राजदूत परत बोलावला, १९९४ चा तह मात्र ठेवला. पाणी आणि गॅस इस्रायलकडून येतो. राजदूत बोलावून घेणं, दूतावास खालच्या अधिकाऱ्यावर चालवणं आणि संबंध तोडणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पेपरवाले तिन्हीला ‘संबंध तुटले’ म्हणतात. खरोखर तुटले तरी १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ४५ प्रमाणे यजमान देशाला दूतावासाची इमारत आणि कागदपत्रं सांभाळावी लागतात, अगदी लढाई चालू असली तरी.

उतरायला एक दिवस लागतो, चढायला वर्षं. लेबनॉनमधल्या साब्रा-शतिला या पॅलेस्टिनी वस्त्यांतल्या हत्याकांडानंतर इजिप्तनं १९८२ मध्ये इस्रायलमधून राजदूत काढून घेतला. नवा पाठवला १९८६ मध्ये, तोही सीमेवरच्या ‘ताबा’ नावाच्या गावाच्या जमिनीचा वाद लवादाकडे गेल्यावर. दोघांमधला १९७९ चा शांतता तह या काळात कागदावर जसाच्या तसा होता.

कॅम्प_बेळगाव
युद्धानं दार बंदच होतं असं मात्र नाही. इजिप्त-इस्रायलच्या १९७३ च्या युद्धाशिवाय १९७९ चा तह झाला असता असं मला वाटत नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर अरब-इस्रायल शांततेसाठी माद्रिद परिषद भरली आणि जानेवारी १९९२ मध्ये आपणही इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले.

परत जुळताना क्रम काय असतो, हे आपल्या घरचंच बघा. १९६२ नंतर भारत-चीन राजदूत पुन्हा नेमले गेले १९७६ मध्ये. २०२० च्या गलवान चकमकीनंतर दूतावास चालू राहिले, पण दिल्लीतलं चिनी राजदूताचं पद जवळपास दीड वर्ष रिकामं होतं, मे २०२४ पर्यंत. मग ऑक्टोबर २०२४ ला गस्तीबद्दल समझोता, लगेच रशियात कझानला मोदी-शी भेट, जून २०२५ ला मानसरोवर यात्रा, ऑक्टोबरात थेट विमानं. आधी सैन्याचा प्रश्न, यात्रेकरू नंतर. गलवाननंतर व्यापार तर थांबलाच नव्हता, आणि हे भाषणांत कुणी सांगत नाही.

उद्यमबाग_फाउंड्री
पटलं. मग कोटेशनमध्ये काय धरायचं?

सीएचए_अण्णा
हैफा धरूच नका. तांबडा समुद्र टाळून जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला (केप ऑफ गुड होप) वळसा घालून गेलं तर १० ते १४ दिवस जास्त जातात. डिलिव्हरीची तारीख लिहिताना ते मोजा. एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचाच दर) असेल तर वाढलेलं भाडं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, सीआयएफ (भाडं आणि विमा धरून दर) असेल तर तुमच्या. म्हणून सीआयएफचा दर फार दिवस खुला ठेवू नका, भाडं वाढलं तर फरक वेगळा लावण्याची ओळ घाला. नेहमीच्या मरीन पॉलिसीत वॉर रिस्क (युद्धातल्या नुकसानीचा विमा) धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. माल जहाजावर असतानाच तो चालतो, ट्रकवर नाही. शिवाय विमा कंपनी सहसा ७ दिवसांची नोटीस देऊन तो काढून घेऊ शकते, पण आधीच निघालेल्या मालाला ती लागू होत नाही. म्हणजे पॉलिसी कुठल्या तारखेची, यापेक्षा माल कधी निघाला ते महत्त्वाचं.