'आन्तेस दे कोमिएन्दो' चूक का? आणि 'आबीआन'चं काय बिघडलं?

अर्धवट_वही: स्पॅनिशच्या वहीत 'जेवायच्या आधी'ला 'आन्तेस दे कोमिएन्दो' लिहिलं, ते चुकीचं ठरलं. 'आबीआन मुचोस लीब्रोस' (पुष्कळ पुस्तकं होती) मधलं 'आबीआन'ही खोडून एकवचनी 'आबीआ' केलेलं आहे. पुस्तकं पुष्कळ, मग क्रियापद एकवचनी कसं?

शब्दयोगी: पहिली चूक इंग्रजीच्या सवयीची. तिथे 'बिफोर'नंतर 'ईटिंग' येतं, म्हणून हात 'कोमिएन्दो'कडे वळतो. स्पॅनिशमध्ये दे, सिन, पारा, पोर या शब्दयोगी अव्ययांपुढे क्रियापद आलं की ते मूळ रूपातच. 'आन्तेस दे कोमेर'. 'सिन कोमेर' म्हणजे न जेवता, 'आल सालीर' म्हणजे बाहेर पडताना.

खरी गोची कर्ता बदलला की होते.
'ते यामो पारा साबेर': मला कळावं म्हणून तुला फोन करतोय.
'ते यामो पारा के सेपास': तुला कळावं म्हणून.
मराठीत दोन्हीकडे 'कळावं म्हणून'च, त्यामुळे 'के' आणि त्यापुढचं सब्जंक्टिव्ह (हेतू-इच्छा दाखवणारं क्रियापदाचं रूप, इथे 'सेपास') हमखास राहून जातं.

आणि 'दे' गाळू नका. 'देख़ो दे फुमार' म्हणजे सिगारेट सोडली. 'देख़ो फुमार' म्हणजे ओढू दिली!

एकवचनी: 'आबीआ'चं सांगतो. 'पुस्तकं होती' यात पुस्तकं हा कर्ता. 'आबीआ लीब्रोस'मध्ये मात्र ते कर्म आहे, कर्ता मुळी नाहीच. पुरावा हवा? 'आय लीब्रोस?' (पुस्तकं आहेत का?) याचं उत्तर 'सी, लोस आय' (हो, आहेत). हे 'लोस' कर्माचं सर्वनाम. म्हणून 'आहे/होतं' या अर्थी 'आबेर' क्रियापदाची आय, आबीआ, उबो, आब्रा ही रूपं कायम एकवचनी. सोबतचं सहायक क्रियापदही तसंच: 'पुएदे आबेर प्रोब्लेमास' (अडचणी असू शकतात), 'पुएदेन' नाही. 'आबीआन' स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यातही ऐकू येतं, पण परीक्षेत गुण जातात.

'एक्सिस्तीर'ला (अस्तित्वात असणं) हे लावू नका. त्याला कर्ता असतो, म्हणून 'एक्सिस्तेन प्रोब्लेमास'.

तळटीप: 'गुस्तार'लाही (आवडणं) नाही. तिथे मराठी थेट कामाला येते: मला पुस्तक आवडतं, 'मे गुस्ता एल लीब्रो', मला पुस्तकं आवडतात, 'मे गुस्तान लोस लीब्रोस'. 'थांबावं लागतं' मात्र जपून. कुणालाही लागू असेल तर 'आय के एस्पेरार', मलाच थांबायचं असेल तर 'तेंगो के एस्पेरार'.

अर्धवट_वही: मग 'तीन दिवसांपूर्वी'लाही 'आसे'चं अनेकवचन 'आसेन' नको?

एकवचनी: नको. 'आसे त्रेस दीआस'. तीनच्या जागी तीनशे दिवस असले तरी 'आसे'च.