गेम स्टोअरला सगळ्यांनी मिळून ईमेल करायचे का? मी म्हणतो करायलाच पाहिजेत

जालन्याचा_गडी
मंडळी, मागच्या दिवाळीत एका ऑनलाइन स्टोअरवरून सेलमधी रेसिंगचा गेम घेतला, ११९९ रुपये. आमच्याकडं नेटचे हाल तुम्हाला माहीतच आहेत, ४० जीबी उतरवायला तीन रात्री गेल्या, त्यात दोनदा लाईट गेली. आता गेम बनवणाऱ्या कंपनीनं सर्व्हर बंद केला अन् गेम लायब्ररीतूनच गायब! स्टोअरला विचारलं तर म्हणे रिफंडची मुदत संपली. विकताना कुठंच लिहिलेलं नव्हतं की वर्षाच्या आत बंद होणार आहे. माझ्या ओळखीतच नऊ जण असे फसलेत. म्हणून म्हणतो, येत्या रविवारी सगळ्यांनी एकाच वेळी एकच मजकूर ईमेल करायचा, मजकूर मी लिहून देतो. युबिसॉफ्ट कंपनीनं मार्च २०२४ ला द क्रू हा गेम बंद केला तेव्हा लोक गप्प बसले नाहीत, त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही विकलेले गेम बंद करण्याविरुद्धची मोहीम उभी राहिली अन् युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

परभणी_पॅसेंजर
दादा, राग बरोबर आहे पण उपाय चुकतोय असं माझं स्पष्ट मत आहे. सह्या झाल्या, पण द क्रूचे सर्व्हर कंपनीनं काही परत चालू केले नाहीत. आणि आपण गेम विकत घेतच नाही, लायसन म्हणजे नुसती वापरायची परवानगी घेतो, ते न वाचता आपणच ओके दाबतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा लागू झाला की हे नुसतं लायसन आहे असं गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा, नाहीतर 'विकत घ्या' असं लिहू नका. म्हणजे तिथंही सांगायचीच सक्ती झाली, गेम चालू ठेवायची नाही. मग आपल्या नऊ ईमेलला कोण विचारतंय? त्यापेक्षा असल्या गेमवर पैसेच घालू नका, ऑफलाइन इन्स्टॉलर (आपल्याकडं जपून ठेवता येणारी गेमची फाइल) देणारे स्टोअर आहेत, जीओजी देतं, तिथून घ्या.

जालन्याचा_गडी
द क्रू गेला हे खरं, पण बोंब झाल्यावरच द क्रू २ ला ऑफलाइन मोड द्यायचं कबूल केलं ना? हेलडायव्हर्स २ या गेमचं बघा, मे २०२४ मधी सोनीनं पीसीवाल्यांना आपलं पीएसएन हे ऑनलाइन अकाउंट जोडायची सक्ती केली, लोक उठले, तीन दिवसात माघार.

परभणी_पॅसेंजर
तिथं लोकांनी वाईट रिव्ह्यू टाकले होते! स्टीम या गेम स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दिसत होते, विक्रीवर परिणाम होणार म्हणून घाबरले. ईमेल कोणाला दिसतो? इनबॉक्समधी जाऊन मरतो.

नांदेडचा_किशा
आमच्याकडं लोक पिकविम्यासाठी खेटे मारूलालेत अन् तुम्ही गेमसाठी मोहीम काढूलालेत. कामून एवढी ताकद घालायची बाबा.

जालन्याचा_गडी
किशाभाऊ, मी बी शेतकऱ्याचंच पोरगं आहे. ते ११९९ मी पार्सलच्या कामातून साठवले होते. विम्याचं भांडण मोठं आहे, मान्य, म्हणून हे पैसे सोडून द्यायचे का?

लातूरची_मधू
मी पुण्यात एका कंपनीच्या सपोर्टला तीन वर्षं होते म्हणून सांगते. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला की आम्ही ते सगळे एकाच तिकिटात म्हणजे तक्रारीच्या एकाच नोंदीत जोडून टाकायचो आणि एकच साचेबंद उत्तर सगळ्यांना जायचं, कधी कधी तर फिल्टरच अडवायचा. पण ज्या ईमेलमध्ये ऑर्डर नंबर, तारीख, किती पैसे गेले आणि नेमकं काय पाहिजे हे लिहिलेलं असायचं तो कोणाला तरी उघडून वाचावाच लागायचा, वेगळं तिकीट, वेगळी मुदत. त्यामुळे दादा, मोहीम करा पण मजकूर वाटू नका. आणि शिव्या अजिबात नको, शिवी दिसली की आम्ही तिकीट बंद करायला मोकळे. पलीकडं बसलेलं पोरगंही पगारावरचंच असतं.

बीडकर_२२
मधूताई बरोबर बोलल्या. २०२० ला सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही तेव्हा आमच्या गावात हेच झालं. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकच निवेदन दिलं, काही नाही. मग ज्यानं त्यानं आपापलं बिल, पिशवी, पिशवीचा टॅग जोडून कृषी कार्यालयात वेगवेगळे अर्ज दिले तेव्हा पंचनामे झाले. ज्यानं पिशवी फेकून दिली होती तो मात्र बसला हात चोळत.

वकील_संभाजीनगर
मला मोहिमेपेक्षा एक नीट तक्रार जास्त भावते. ई-कॉमर्स नियम २०२० डिजिटल मालालाही लागू आहेत, बाहेरची कंपनी इथं नियमित विकत असेल तर तिलाही. स्टोअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची. नाही केलं तर १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथं राहता तिथंच दाखल करता येते, म्हणजे जालन्यातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एकानं लढा, बाकीच्यांना वाट मोकळी होईल.

जालन्याचा_गडी
वकीलसाहेब, फी नाही पण तारखा आहेतच की, ११९९ साठी कामावर खाडे करून कोण आयोगात जाणार? म्हणूनच तर सगळे मिळून म्हणतोय. पण ४८ तासांचं लै कामाचं सांगितलंत, मग सपोर्टला न पाठवता त्या अधिकाऱ्यालाच पाठवायचं.

वकील_संभाजीनगर
दोन्हीकडे पाठवा. पोच जपून ठेवा, उद्या आयोगात गेलात तर पहिला कागद तोच लागतो.

परभणी_पॅसेंजर
असं असेल तर माझा विरोध थोडा कमी झाला, पण पैसे परत येतील असं मला अजूनही वाटत नाही. एक मात्र ऐका, रागाच्या भरात बँकेतून चार्जबॅक म्हणजे बँकेमार्फत पैसे परत ओढायची मागणी टाकू नका, बरेच स्टोअर पूर्ण अकाउंटच लॉक करतात, राहिलेले गेमही जातील.

जालन्याचा_गडी
ठरलं मग. एकच मजकूर रद्द. रविवार बी रद्द, सोमवारी सकाळी पाठवा म्हणजे ४८ तास कामाच्या दिवसात येतील. ज्याचं त्यानं स्वतःच्या शब्दात, मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, ऑर्डर नंबर टाका आणि मागणी दोनच: एकतर ऑफलाइन चालेल असं करून द्या, नाहीतर पैसे परत. अन् बिलाचे, खरेदीच्या पानाचे स्क्रीनशॉट आज रात्रीच काढून ठेवा, गेम गायब झाला तसं ते पान बी गायब व्हायला वेळ लागणार नाही.

नांदेडचा_किशा
माझ्या भाच्याचा बी हाच गेम गेलाय म्हणं, आत्ताच विचारलं. त्याचं बिल काढूलालो.