संशोधक आजोबांची घरगुती पत्रे: कोणती द्यावीत, कोणती ठेवावीत?

नात, सातारा

नमस्कार. शनिवार पेठेतील आमचे जुने घर उतरवायचे ठरल्यावर पोटमाळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यात माझ्या आजोबांची साडेतीनशेच्या आसपास पत्रे निघाली. आजोबा परळच्या हाफकिन संस्थेत प्लेगच्या लशीवर काम करीत. आजी, मुले आणि पणजोबा मात्र साताऱ्यातच राहत. १९३६ ते १९४८ या काळात आठवड्याला निदान एक पत्र इकडून तिकडे जात असे. आजोबांनी मुंबईत आलेली पत्रेही जपून परत आणली, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मजकूर आमच्या हाती आहे.

ही पत्रे कशी आहेत हे एका उदाहरणाने सांगते. एका पत्राचे पहिले पान कोणत्या पिंजऱ्यातील किती उंदीर टोचणीनंतर जगले या हिशेबाने भरलेले आहे, आणि त्याच पानाच्या कडेला, कागद आडवा धरून, ‘चि. बाळीचा ताप उतरला का? कुनैन कडू म्हणून थुंकत असल्यास मधातून द्यावे’ असे लिहिले आहे. बाळी म्हणजे माझी आत्या. ती लहानपणीच गेली, एवढेच आम्हाला ठाऊक आहे.

आमच्या थोरल्या काकांचे मत असे की संशोधनाचा उल्लेख असलेली पत्रे एखाद्या संस्थेला द्यावीत आणि बाकीची अग्नीच्या स्वाधीन करावीत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. त्या पत्रांत जमिनीवरून झालेली भांडणे आहेत, सहा-सहा महिने घरी न आलेल्या नवऱ्याला आजीने दिलेले बोल आहेत, आणि आजी हयात असती तर तिने ती परक्याला वाचू दिली नसती. तरीही काडी ओढण्याआधी मला जाणत्यांचे मत हवे आहे. अशी पत्रे वेगळी काढावीत का, कोणाला द्यावीत आणि तोवर कशी सांभाळावीत?

आणखी एक. एक पोस्टकार्ड मोडीत आहे, पणजोबांच्या हातचे. बाकी प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ॥ श्री ॥ आहे, या कार्डावर नाही, आणि त्याचा एक कोपरा फाटलेला आहे. टपालाचा शिक्का सप्टेंबर १९३९ चा आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, सांभाळण्याबद्दल मी अनुभवाने सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी चढले आणि वडिलांचे कागद दोन दिवस भिजत राहिले. घाईघाईने आम्ही एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सुटी केली आणि वर उन्हात वाळवली. पुरात वाचलेला मजकूर त्या उन्हाने आणि ओढाताणीने गेला. ओला कागद सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टिपकागद घालून वाळवायचा असतो, आणि ढीग मोठा असेल तर तो पिशवीत घालून शीतपेटीत गोठवला म्हणजे बुरशी थांबते, हे आम्हाला फार उशिरा समजले.

तुमची पत्रे कोरडी आहेत, हे मोठे भाग्य. पत्र्याच्या ट्रंकेत मात्र ती आता ठेवू नका, कारण साताऱ्याच्या पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम सुटतो. टाचण्या गंजलेल्या असतील तर त्या ओढू नयेत, कागदाला आधार देऊन हळूच सोडवाव्यात. चिकटपट्टी कुठेही लावू नये आणि लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नये. त्या उष्णतेने आणि प्लास्टिकने झालेले नुकसान पुन्हा भरून येत नाही. त्या काळच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा अंश असे आणि दमट हवेत ती शाई अक्षराच्या रेषेवरच कागद खाते. म्हणून तशी पत्रे आम्लविरहित कागदात एकेक करून, घडी उलगडून, सपाट ठेवावीत. पातळ हातमोज्यांनी कागदाचा अंदाज येत नाही. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात पुरेसे आहेत.

आणि कृपा करून पत्रे तारखेप्रमाणे लावण्याची घाई करू नका. ट्रंकेत ती ज्या गठ्ठ्यांत आणि ज्या क्रमाने होती, तो क्रम आधी वहीत टिपून ठेवा. गठ्ठा कोणी बांधला आणि त्यात कोणती पत्रे एकत्र ठेवली, हीसुद्धा एक माहितीच असते. स्कॅन करताना पाकिटांच्या दोन्ही बाजू घ्या. पुष्कळदा तारीख फक्त शिक्क्यावर असते.

मोडीवाचक, वाई

कार्ड वाचले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सुटे लिहिलेले नसतात, त्यामुळे एखादे अक्षर इकडेतिकडे होऊ शकते. परंतु हे अक्षर वळणदार आहे आणि मजकुराबद्दल मला शंका नाही.

माथ्यावर श्री नसणे आणि कोपरा फाटलेला असणे हा अपघात नाही. आपल्याकडे मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्रावर श्री लिहीत नसत, कार्डाचा कोपरा पाठवणाराच फाडत असे, म्हणजे पत्र हाती येताच घेणाऱ्याला आत काय आहे ते कळावे. मजकूर असा: ‘चि. बाळी सोमवारी पहाटे गेली. ताप एकवीस दिवस होता. तुम्ही कामात म्हणोन आधी कळविले नाही. इकडील काळजी न करावी. पत्र वाचून फाडून टाकावे.’

अशी पत्रे घरात ठेवणे अशुभ मानीत, म्हणून ती सहसा सापडतच नाहीत. आजोबांनी हे कार्ड फाडले नाही. एकवीस दिवसांचा ताप म्हणजे बहुधा विषमज्वर असावा. माझी विनंती एवढीच की या तारखेनंतरची आजोबांची पत्रे काढून पाहावीत.

जुनी दफ्तरे, पुणे

पत्रांच्या वर्गवारीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती करू नये. ‘संशोधनाची पत्रे’ आणि ‘घरची पत्रे’ ही फोड लिहिणाऱ्याने केलेली नव्हती, ती आपण करतो आहोत. कडेला कुनैनचा उल्लेख असलेले पान काका कोणत्या गठ्ठ्यात घालणार?

लुई पाश्चर यांचेच पाहा. आपल्या प्रयोगांच्या वह्या कोणाला दाखवू नयेत असे त्यांनी १८७८ मध्ये घरच्यांना बजावले होते. नातवाने १९६४ मध्ये त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, आणि १८८१ च्या प्रसिद्ध प्रयोगात मेंढ्यांना टोचलेली काळपुळीची (अँथ्रॅक्सची) लस जाहीरपणे भासवल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने तयार केलेली होती, हे अभ्यासकांना त्या वह्यांतून कळले. याच पाश्चरांच्या तीन मुली १८५९, १८६५ आणि १८६६ मध्ये गेल्या, त्यांतील दोघी विषमज्वराने. त्या माणसाचे पुढचे आयुष्य रोगजंतूंच्या मागे गेले. या दोन गोष्टी वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या तर त्या माणसाची ओळख अर्धीच राहते.

ज्यांच्या नावाच्या संस्थेत आपले आजोबा होते, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. परंतु १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, ती वर्षे त्यांनी कशी काढली हे समजून घ्यायचे तर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या त्यांच्या खाजगी कागदांकडेच वळावे लागते. आणि आपल्या मराठीतले उदाहरण द्यायचे तर काशीबाई कानिटकरांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांच्या पत्रांच्याच आधाराने लिहिले. ती पत्रे कोणी संकोचाने जाळली असती तर आनंदीबाईंचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला नसता.

काकांच्या संकोचाचा मान राखण्याचा मार्ग मात्र आहे. संस्थेला पत्रे देताना लेखी दानपत्र करावे आणि ठराविक गठ्ठा, उदाहरणार्थ आजीची पत्रे, तीस वर्षे कोणालाही दाखवू नये अशी अट त्यात घालावी. कायद्याची बाजू अशी की पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागे त्याच्या वारसांचा. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे आजी-आजोबांच्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय या दोन्हीकडे आधी पत्रांची यादी पाठवून विचारावे; पत्रे घेऊन थेट दारात जाऊ नये.

नात, सातारा

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. वाईच्या मोडीवाचकांनी सांगितल्याप्रमाणे पुढची पत्रे काढली. कार्डानंतर तीन आठवडे आजोबांचे एकही पत्र नाही. चौथ्या आठवड्यात आलेल्या पत्रात उंदरांचा हिशेब पुन्हा सुरू होतो, पण आधीच्या तीन आठवड्यांचे रकाने कोरे आहेत आणि खाली फक्त ‘या मुदतीत नोंद घेता आली नाही’ असे लिहिले आहे. काकांच्या वर्गवारीप्रमाणे हे पत्र संस्थेत गेले असते आणि कार्ड अग्नीत.

काल संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून काकांना दाखवले. बाळी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. तिच्या आजारपणात आपल्याला शेजारच्या वाड्यात ठेवले होते, हे त्यांनी मला प्रथमच सांगितले. बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसले होते. मग म्हणाले, आईची पत्रे मी असेपर्यंत उघडू नयेत, बाकी तुम्ही ठरवाल तसे. दानपत्रात ती अट घालणार आहोत. आज सकाळपासून ते स्वतः पाकिटांवरचे शिक्के वाचून मला तारखा सांगत आहेत आणि मी वहीत उतरवून घेत आहे. एकशे चाळीस झाली.