मोरीच्या बिळात चिचुंद्रीची पिल्लं आहेत, रविवारी गवंडी येतोय, प्लीज मदत करा

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमचं घर चिपळूणजवळ, जुनं चिरेबंदी. मागच्या पडवीत मोरीला लागून जोत्याच्या चिऱ्यांमध्ये एक बीळ आहे, रोज सकाळी तोंडाशी उकरलेली माती दिसते. उंदीर समजून मी पिंजरा लावणारच होते, पण परवा रात्री अकराला पाणी प्यायला उठले, मोबाईलचा टॉर्च मारला तर भिंतीच्या कडेकडेने आगगाडी चाललेली! पुढे आई, तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लाने दातांनी घट्ट धरलेलं, त्याच्यामागे दुसरं, अशी चार, वळणावर सुद्धा एकही सुटलं नाही, चिक् चिक् करत सरळ बिळात. लांबुळकं थरथरतं नाक बघितलं आणि कळलं, ही चिचुंद्री.

सासूबाई म्हणतात राहू दे गं, झुरळं खाते ती, वायरी नाही कुरतडत. खरंच आहे, ती उंदराच्या जातीतलीच नाही, किडे नि गांडुळं हेच तिचं मुख्य खाणं. वास मात्र भयंकर येतो, आमचं मांजर पण मारतं पण खात नाही, पायरीवर तसंच टाकून जातं. पण खरा प्रश्न वासाचा नाहीये. पावसाळ्याआधी फटी बुजवायला रविवारी गवंडी येणार आहे, एकदा सिमेंट भरलं की पिल्लं आतच राहतील, आणि परत पुढच्या आठवड्यात ये म्हटलं तर तो येत नाही हे इथल्या लोकांना माहीत आहे.

चिकटवायचा पुठ्ठा कृपया सुचवू नका. गेल्या वर्षी आम्ही लावला होता, सकाळी चिचुंद्री पोटाने चिकटलेली, नाक अजून हलत होतं. ते मी परत बघू शकणार नाही. पिंजऱ्याचीही भीती वाटते कारण तिला दर थोड्या तासांनी खायला लागतं म्हणे, रात्रभर अडकली तर मरायचीच, आणि आई एकटी सापडली तर पिल्लांचं काय?

तर कोणी हे केलंय का? बिळाजवळ रात्री दिवा लावून ठेवला किंवा खटखट केली तर ती पिल्लांना घेऊन स्वतःहून जागा बदलते का? परसात विटा आणि पेंढा टाकून आडोसा करून ठेवला तर जाईल तिकडे? शेपूट धरून चालणारी पिल्लं साधारण किती दिवसांची असतात, म्हणजे नवऱ्याला निदान तेवढी एक फट सोडायला सांगता येईल. शनिवारपर्यंत काहीही कळलं तरी चालेल.