जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या इंजिनाला कमी खर्चात अधिक हवा कशी मिळेल?

प्रश्न:
माझ्याकडे टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र) नसलेली जुनी टाटा ४०७ आहे. हंगामात ती पांढरकवड्याकडे कापूस जिनिंगला नेते, एरवी वणी रस्त्यावर विटा-रेती वाहते. भरलेल्या गाडीने चढ घेताना काळा धूर निघतो आणि ओढ कमी पडते; उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. एक मिस्त्री एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावा म्हणतात, दुसरे टर्बो सुचवतात, पण तो खर्च मला झेपणारा नाही. काय करावे?

उत्तर १:
भाऊ, डबा मुळीच काढू नका. सुमारे तीन लिटरचे हे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या वेगावर दर मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढते, आणि आपल्या मुरमाच्या रस्त्यांवर त्या हवेबरोबर आत गेलेली धूळ लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) व पिस्टनच्या रिंगा झिजवते. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः इंजिनाचा डिझेल पंप किती डिझेल देतो यावर ठरत असल्याने नुसती जास्त हवा देऊन ती फारशी वाढत नाही. मात्र हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. त्यामुळे अडलेली हवा मोकळी करणे एवढेच खरे काम आहे. जिनिंगच्या आवारातील कापसाचे तंतू फिल्टरच्या बाहेरच्या घड्यांवर थर धरतात. फिल्टर साफ करताना आतून बाहेर, अगदी कमी दाबाने हवा मारावी. पंक्चरवाल्याच्या पूर्ण दाबाने कागद फाटतो. नंतर अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहावे. कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर बाद समजावा.

उत्तर २:
उन्हाळ्याचे कारण वेगळे आहे. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, आणि फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढत असेल तर तूट आणखी वाढते. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून मूळ नळीइतक्याच व्यासाची नळी बनवून तिचे तोंड केबिनच्या बाजूला, चाकाच्या धुळीपासून उंच आणि पाऊस शिरणार नाही असे खाली वळवून ठेवावे.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण काळा धूर म्हणजे हवाच कमी, हे मला मान्य नाही. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) गळत असेल किंवा ओढ वाढवण्यासाठी कुणी पंपाचा स्क्रू फिरवून ठेवला असेल, तर नवा फिल्टर लावूनही धूर जाणार नाही. नोझल तपासून घ्या, टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर गार इंजिनावर पाहा, आणि सायलेन्सर काजळीने तुंबला आहे का तेही बघा, कारण जळलेला वायू बाहेर पडला नाही तर नवी हवा पुरेशी आत येत नाही. फिल्टर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा वाटून देणारी नळी) यांच्यामधील रबरी हौजही आतून तपासा. जुन्या हौजचा आतला थर सुटतो आणि हवेची ओढ वाढली की चिकटून वाट अडवतो. बाहेरून हौज धडधाकट दिसतो.

प्रश्नकर्ता:
हौज काढून पाहिला. आतला थर खरोखरच सुटलेला आहे. डिझेलचा जाड पाइप त्या जागी चालेल का?

उत्तर ३:
चालणार नाही, त्याचा व्यास लहान पडेल. त्याच मापाचा, आत तारेची कडी असलेला हौज घ्या आणि दोन्ही टोकांच्या क्लिपाही नव्या लावा. सैल क्लिपेतून शिरणारी धूळ फिल्टरमधून जातच नाही.