तुमच्या घरात पक्षावरून अबोला झालाय का?

माळ्यावरची_ट्रंक: काल माळा साफ करताना ट्रंकेवर धनुष्यबाणाचा जुना स्टिकर दिसला. बाबा-काका दोघेही कट्टर शिवसैनिक. 1995 ला युतीचं सरकार आलं तेव्हा एकाच परातीतून पेढे वाटलेले. जून 2022 नंतर काका शिंदेंकडे, बाबा मातोश्रीकडे. फेब्रुवारी 2023 ला चिन्ह शिंदेंना मिळालं त्या रात्री काकांनी फॅमिली ग्रुपवर नुसता बाण टाकला. बाबा ग्रुपमधून बाहेर. गणपतीत हातभर अंतरावर उभे राहून काका आईला म्हणतात, "वहिनी, दादाला सांगा प्रसाद घ्यायला."
तुमच्याकडे काय?

नीरा_काठ: आमच्याकडे सासरे पवार साहेबांचे, दीर अजितदादांचे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, सेल कोणी बदलत नाही 

कुकरची_शिट्टी: बारामतीत नणंद-भावजय उभ्या होत्या, आपलं काय घेऊन बसलात

ओटा: आजोबा राष्ट्र सेवा दलाचे, शेजारचे नाना संघाच्या शाखेतले. एकमेकांची पायरी चढत नव्हते. आणीबाणीत दोघंही मिसाखाली येरवड्यात! आत पत्त्यांत भिडू झाले. सुटल्यावर भांडणं तीच, फक्त भांडायला नाना आमच्या ओट्यावर यायला लागले. आजी वैतागायची, चहा किती वेळा टाकायचा.

कंदी_पेढा: सातारा, लोकसभा 2024. आजीला "तुतारी" एवढंच सांगून पाठवलं. मशीनवर तुतारी वाजवणारा माणूस वेगळा आणि अपक्षाचं नुसतं वाद्य वेगळं, त्यालाही तुतारीच म्हणायचे. आजीने वाद्य दाबलं. "माणूस कशाला, तुतारी म्हणालात ना?" त्यावर विरोधी गटातले मामासुद्धा हसले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा.

ज्वारीची_भाकर: बीडकडची आहे. इथे पक्षाचं नाही, जातीचं झालंय. 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, पुढे लोकसभा. किराणासुद्धा आडनाव बघून. बाबांनी मात्र जुने सलूनवाले काका सोडले नाहीत. दाढी करता करता आरक्षणावर भांडतात. वस्तरा काकांच्या हातात, तरी बाबा गप्प बसत नाहीत!! बाकी नंतर, भाकरी करपतेय

नीरा_काठ: ^^ बाबांना दंडवत

कुकरची_शिट्टी: ट्रंक, स्टिकर काढायचा तर खोबरेल लावून रात्रभर ठेवा

ओटा: रॉकेल जास्त चांगलं

माळ्यावरची_ट्रंक: काढायचा नाहीये हो, बाबांनीच फडक्याने पुसून ठेवलाय. आणि रॉकेल आता मिळतं कुठे?