मदत हवी आहे: अमिगा आणि अटारी एसटीवरची जुनी चित्रं पीएनजी कशी करू?

मंडळी, काका ८९-९० च्या सुमारास इंग्लंडला होते, तेव्हा त्यांच्याकडे अमिगा ५०० होता आणि शेजारच्या मित्राकडे अटारी एसटी (दोन्ही त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर), दोघं चित्रं काढून एकमेकांना फ्लॉपीवर द्यायचे. फ्लॉप्या कशाबशा वाचून घेतल्यात (अमिगाच्या ८८० केबीवाल्या साध्या पीसी ड्राइव्हला दादच देत नाहीत, त्यातच दोन रविवार गेले) आता फायली हातात आहेत पण उघडल्यावर गोंधळ.

अटारीच्या .पीआय१ फायली बरोब्बर ३२०३४ बाइटच्या आहेत, म्हणजे डेगास या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्याच, चित्र दिसतं पण अंधारात काढल्यासारखं, मला वाटतं एसटीत लाल, हिरव्या, निळ्याची पातळी ० ते ७ मधेच असते आणि कन्व्हर्टर ती ० ते १५ धरतोय, बरोबर ना?

खरी डोकेदुखी अमिगाची. आयएफएफ (अमिगाचा चित्रं साठवायचा प्रकार) फायलीत ६ बिटप्लेन आहेत, म्हणजे दर पिक्सेलला ६ बिट, पण स्क्रीन मोड सांगणारा सीएएमजी नावाचा तुकडा (चंक) च नाही, त्यामुळे हॅम की हाफब्राइट (अमिगाच्या जास्त रंग दाखवायच्या दोन पद्धती) ते प्रोग्रामला कळत नाही, आणि काकूच्या चेहऱ्यावर हिरव्याजांभळ्या रेघा येतात 😅 हॅममधे बरेच पिक्सेल डावीकडच्या पिक्सेलवरून रंग उचलतात म्हणून हॅमच असणार असा माझा अंदाज.

तर हा चंक हाताने घालायचा तर नेमका कुठे, बॉडीच्या (प्रत्यक्ष चित्राच्या चंकच्या) आधी कुठेही चालेल का? आणि ४० एक फायली आहेत, एकदम होतील असं काही फुकटचं सुचवा. ३२० बाय २०० ची चित्रं चपटी दिसतात ती २४० पर्यंत ताणू की मूळ तशीच ठेवू?